झाकण न उघडता

४ जून
प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.
तुम्ही पाठवलेला स्लो कुकर सुखरूप पोचला. बरोबरची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली. शाळा चौथीत सुटली, पण छापलेलं काही सोडायचं नाही हे मी स्वतःला शिकवलंय.

मुलाची अट तुम्हाला ठाऊकच आहे. हे गेल्यापासून माझं वजन सहा किलो उतरलं. महिनाअखेरीस डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर आणखी उतरलं, तर या घराला कुलूप आणि मी त्याच्याकडे. तो रागावून बोलत नाही, घाबरलाय. पण मला हे घर सोडायचं नाही.

म्हणून काल भाज्यांचा कॅसरोल लावला. तळाला कांदा, वर बटाटा, गाजर, फरसबी, मटार आणि टोमॅटोचा रस. सकाळी नऊला लावला; संध्याकाळी पाचला बटाटा दाताखाली कुर्रकन वाजला. शेवटी चहा-पावावर भागवलं. भांडं बिघडलेलं दिसतंय. परत पाठवू का?

कळावे. लोभ आहेच, तो मंद आचेवर राहू द्या.
तुमची वहिनी

९ जून
ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.
भांडं बिलकूल परत पाठवू नकोस. तसंच एक माझ्या शिलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चार वर्षं चालतंय. गिऱ्हाइकं ब्लाउजपेक्षा वासाचीच चौकशी जास्त करतात. खरं सांग, झाकण किती वेळा उघडलंस? एकदा उघडलं की अर्ध्या तासाची ऊब जाते. पुस्तिकेत ते ठळक अक्षरात आहे, की तेवढंच तुझ्या चष्म्यातून निसटलं?

तुझा मुलगा मला विचारतो, आत्या, आई जेवते का. मी त्याच्याशी खोटं बोलणार नाही. तेव्हा तूच जेव.
तुझी, भांडकुदळ पण मायेची,
वन्सं

१४ जून
प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.
निसटलं नव्हतं. वाचलं, आणि तरी वीसेक वेळा उघडलं. काल पुन्हा तेच केलं आणि पुन्हा बटाटा कच्चाच राहिला.

शेवटचे आठ महिने हे पलंगावर होते. हातातलं काम टाकून मी सारखी जायची, छातीवर हात ठेवून श्वास बघायची. आणि एका दुपारी दूध उतू जातंय म्हणून उठले, तेवढ्यात हे गेले. पायांना तीच सवय राहिलीय. भांडं गप्प बसलं की माझा जीव वरखाली होतो. बटाट्यासाठी एवढं, हसाल तुम्ही. हसा.
तुमची वहिनी

१८ जून
ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.
हसले नाही. तुला सांगायचं नाही असं दादाने बजावलं होतं, पण आता सांगते. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, ती हात ठेवते तेव्हा मी जागाच असतो. मुद्दाम जरा मोठ्याने श्वास घेतो, म्हणजे ती निर्धास्तपणे कामाला जाते. तू जावंस असंच त्याला वाटायचं, वहिनी.

आता भांडं लाव आणि वाचनालयात जा. पाचच्या आत घरी आलीस तर माझी कट्टी.
तुझी वन्सं

३० जून
प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.
तुमचं पत्र वाचून पदर भिजला. दुसऱ्या दिवशी भांडं लावलं, दाराला कुलूप घातलं आणि गेले. वर्षभराने पुस्तक हातात घेतलं. तिसऱ्या प्रकरणात अशी अडकले की साडेपाचला ग्रंथपालबाईंनी दिवे मालवून मला उठवलं.

घरी आले तर वास दारापर्यंत. बटाटा चमच्याने दबला. दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी शेजारणीला द्यायची होती, तीही मीच संपवली. तेव्हापासून एक दिवसाआड लावते.

आज काट्यावर अर्धा किलो वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी मुलाला माझ्यासमोरच फोन लावला. त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, बरं, राहा तिथेच, पण मला कृती पाठव.

आत्ताही भांडं लावलेलं आहे. पत्र अर्धं टाकून उठले, जवळ गेले. आत संथ बुडबुड चालली होती, जरा मोठ्यानेच. हात मागे घेतला आणि पत्र पुरं करायला बसले.

लोभ आहेच. तो झाकून ठेवला तरी चालेल.
तुमची वहिनी