वेल्डिंग तपासणाऱ्याला ऐकवलेलं गाणं

बाबा, तुमच्या त्या ऑस्ट्रेलियन बँडने नवा अल्बम काढलाय. हो, तोच बँड, ज्याच्या कॅसेट तुम्ही इथे आखातात अहमदीहून फहाहीलला भाजी आणायला जातानाही गाडीत लावायचात आणि आई कानांवर हात ठेवून बसायची. आता म्हातारे झालेत सगळे, गायकाचा आवाज पार घासलाय. आज सकाळी दस्मानजवळ, बँकेच्या पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून मी तो अख्खा ऐकला आणि ऑफिसला उशिरा पोचले. ऐकताना छान वाटत होतं. मग फोनवर अल्बमखाली दिलेली माहिती वाचली आणि डोकंच फिरलं माझं. गाणं जमलंय की नाही हे सांगायला एरवी बाहेरचा प्रोड्यूसर असतो ना, तो या वेळी त्यांनी घेतलाच नाही. वाजवलं त्यांनी, ऐकलं त्यांनी, आणि झालं म्हटलं तेही त्यांनीच. आणि हे तुमचे लाडके!

तुमचा तो रिफायनरीतला नियम आठवतोय ना? काम ज्याने केलं त्याने ते पास करायचं नाही. पाइप एकाने जोडायचा, दुसऱ्याने तपासायचा, मगच त्यातून तेल सोडायचं. मीना अल-अहमदीच्या त्या रिफायनरीत ते बरोबरच आहे हो, तिथे चुकलं तर माणसं जळतात. पण तुम्ही तो नियम बुटांबरोबर घरात घेऊन आलात. माझी आमटी आईने चाखल्याशिवाय ताटात पडायची नाही, माझा निबंध शेजारच्या काकांनी वाचल्याशिवाय शाळेत जायचा नाही. "आपली चूक आपल्याला दिसत नाही गं बाळा," म्हणायचात, आणि तेही इतक्या गोड आवाजात की भांडायचीही सोय नाही.

गिटारही तुम्हीच आणून दिलीत, दहावीनंतर. मी गाणं केलं, स्वतःचं. एका शुक्रवारी तुम्ही दोघं बाहेर गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावलं, फ्रिज फार घरघरतो म्हणून तोही बंद केला आणि टेपरेकॉर्डरसमोर गायले. फ्रिज पुन्हा लावायचा विसरले, आईची पापलेटं वाया गेली, त्यावरून बोलणीही खाल्ली. त्याचं काही नाही. कॅसेट मी तुमच्या हातात दिली. तुम्ही डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलीत, मी दारात उभी. मग कॅसेट काढून शर्टाच्या खिशात टाकलीत. "उद्या साहेबांना देतो. ऑस्ट्रेलियन आहेत, त्यांना यातलं कळेल."

अहो, तो साहेब वेल्डिंग तपासायचा! दिवसभर पाइपांचे जोड बघणारा माणूस तो. ऑस्ट्रेलियन आहे म्हणून त्याला रॉक कळणार? मग मराठी म्हणून तुम्हाला लावणी नाचता येत होती का? पण नाही, बाहेरचा माणूस, गोरा माणूस, त्याने पास केलं की झालं. आठवडाभराने तुम्ही जेवताना मान खाली घालून सांगितलंत, "साहेब म्हणाले, छंद म्हणून ठीक आहे." विषय संपला. गिटार कपाटावर गेली, मी कॉमर्सला. आज बँकेत काय करते माहितीये? दुसऱ्यांनी केलेली कामं तपासते.

गेल्या वर्षी पुन्हा वाजवायला लागलेय. परवा एक गाणं फोनवर रेकॉर्ड करून नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मस्त झालंय. पण पुण्याला माझा मित्र आहे ना स्टुडिओत, त्याला एकदा ऐकव." मी अशी काही ओरडले त्याच्यावर की खबूस रोटीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला. "तुला आवडलं का, ते सांग!"

"अगं, मस्त म्हटलं ना? पण मला त्यातलं काय कळतं?"

हेच. हेच तुम्हीही मनात म्हटलं असणार. कळण्याचा प्रश्न होता कुठे, बाबा? परीक्षा होती का ती? मी ती कॅसेट साहेबाला दिली नव्हती, तुम्हाला दिली होती. डोळे मिटून ऐकलंत ना, मग कसं वाटलं? काहीतरी वाटलं असेलच की! तुम्ही गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली, आणि मला अजून माहीत नाही. साहेबाचं मत मला पाठ आहे. माझ्या बापाचं नाही. याचा इतका संताप होतो की आज दुपारभर कुणाशी धड बोलले नाही.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं तोंड सुटलंय. समोर असतात तर चहा हवाय का एवढंच विचारलं असतं. आणि खरं सांगू? मला गाणारी वगैरे व्हायचंच नव्हतं. मला आकडे आवडायचे, अजूनही आवडतात. त्या दिवशी तुम्ही नुसतं "मला आवडलं" म्हणाला असतात ना, तर कॉमर्सला मी हसत हसत गेले असते.