खांबात स्क्रू बसला नाही

७ जून

ही वही घेऊन एकवीस दिवस झाले. रोज म्हणते, उद्या लिहीन. पहिल्या पानावर मांजर काढलं, तेही डुकरासारखं झालं, म्हणून तीन दिवस वहीवरच रागावले. पण आज लिहायलाच हवं. आज जे झालं ते सांगणार कुणाला?

सकाळी दांडा बसवणारा आला. दारातली पायरी चढताना बाबांना धरायला भिंतीत दांडा हवा. मार्चमध्ये त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते दवाखान्यात चालायला शिकताहेत. नगरपालिकेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय– घर धड असेल तर घरी, नाहीतर वृद्धाश्रम. तिथली खाट धरून ठेवलीय. १० ऑगस्टपर्यंत ती हवी की नको ते सांगायचं. बाबा म्हणतात, "खाट त्यांच्या डोक्यावर उलटी घाला. मी ओबोनला माझ्या घरात असणार." ओबोनला, ऑगस्टच्या मध्यातल्या पितरांच्या सणाला, आईचा आत्मा घरी येतो, तेव्हा दार उघडायला ते हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

तर त्या माणसाने दाराजवळच्या खांबात स्क्रू लावला. यंत्र फिरवलं. स्क्रू आत गेला– आणि जातच राहिला! लोण्यात गेल्यासारखा. त्याने बाहेर ओढला तर टोकाला ओला भुसा आणि एक पांढरा किडा, वळवळणारा.

"ताई," तो म्हणाला, "यात दांडा नाही बसायचा."

मग स्वतःच शरमल्यासारखा सामान गोळा करून गेला. चहासुद्धा प्यायला नाही.

वाळवी. आमच्या घरात. बाबांनी, कुवाहाता सुताराने, स्वतः बांधलेल्या घरात!


८ जून

दुकानातून फवाऱ्याचे सहा डबे आणले. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे, न्हाणीच्या भिंतीला मातीच्या बारीक नळ्या सापडल्या. वाळवीच्या येण्याजाण्याच्या वाटा. सगळ्यांवर फवारलं. डबे रिकामे होईस्तोवर. किडे पटापट पडत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

डब्यावर लिंबाचं चित्र आहे. विषाला लिंबाचा वास कशाला लागतो?


९ जून

बाबांचा फोन. "कायो, दांडा लागला?"

"लागला."

"कुठल्या लाकडात मारला?"

"खांबात."

"हं. तो खांब मी स्वतः निवडलाय. हत्ती बांधला तरी हलणार नाही." वॉर्डात कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "फोटो पाठव."


१० जून

दांडा तो माणूस विसरून गेला होता. मी दुहेरी चिकटपट्टी लावून खांबाला चिकटवला. दोन सेकंद राहतो, मग घसरतो. खालून बोटांनी उचलून धरला आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला. पाचव्यांदा जमला. पाठवला.

संध्याकाळी बाबांचं उत्तर आलं– "छान."

एवढंच. बाबा कशालाच छान म्हणत नाहीत.


१९ जून

दिवसभर वारा नव्हता. साकुराजिमा ज्वालामुखीची राख सरळ खाली पडत होती, पिठासारखी. अंधारायला लागलं तशी शेजारच्या तोकुएबाईंची आरोळी– "उडाली गं उडाली! दिवे घालवा!"

गल्लीतले सगळे दिवे एकदम गेले. जूनमध्ये एक-दोन संध्याकाळी असं होतंच. पंखवाली वाळवी उजेडाकडे येते, म्हणून सगळे अंधारात बसतात, बाहेर एक कंदील आणि त्याखाली पाण्याची परात ठेवतात. लहानपणी मला हा सण वाटायचा. काळोखात टरबूज खायचं आणि परातीत पंख मोजायचे.

मी पायरीवर बसले होते. मागे खसखस आवाज आला. वळले तर दाराच्या चौकटीवरच्या फटीतून धूर निघावा तशी ती निघत होती– आमच्या घरातून! बाहेरून आत नाही. आतून बाहेर. थांबेचना. तोकुएबाईंच्या कंदिलाकडे एक लांबच लांब दोरी गेली असावी तशी.

सगळी गल्ली बघत होती.


२० जून

तोकुएबाई सकाळी उकडलेली रताळी घेऊन आल्या. रताळी हातात देऊन उभ्याच. शेवटी म्हणाल्या, "तुझे बाबा काय म्हणायचे, आठवतं? ‘वाळवीचे दात माझ्या घराला लागत नाहीत.’ चाळीस वर्षं ऐकतेय. गल्लीत आमच्या सगळ्यांच्या घरात फवारणी झाली, हा माणूस मात्र कुणाला आत घेईल तर शपथ!"

खरंच आहे. दारावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात चिकटवलेला कागद अजून तसाच आहे– ‘फुकट तपासणीवाल्यांनी घंटा वाजवू नये.’ इकडे तसले भामटे फिरतातही. फुकट बघतो म्हणतात, खाली जातात, खिशातून किडा काढून दाखवतात. पण बाबा चांगल्यांनाही हाकलायचे.

"वाळवीचं काम करणाऱ्या साकोदासानना बोलाव," तोकुएबाई म्हणाल्या. "तो खोटं बोलत नाही. म्हणून तर त्याच्याकडे गर्दी नसते."


२४ जून

साकोदासान आले. साठीचे, बारीक, गुडघ्यांना जाड पट्ट्या. दारावरचा कागद वाचला, हसले. "मी घंटा वाजवली नाही हं. तुम्हीच बोलावलंत."

आधी घराला बाहेरून चक्कर. "ह्या कुंड्या भिंतीला का टेकवल्या? जोत्याची हवेची जाळी बंद झाली. ही पुठ्ठ्याची खोकी कुणाची?"

"माझी." बाबा पडल्यावर मी ओकिनावाहून आले, तेव्हापासून तशीच पडलीत.

"वाळवीला डबा भरून दिलात."

मग स्वयंपाकघरातल्या फरशीतलं झाकण उघडून खाली सरपटत गेले. मी वर बसून ऐकत होते. हातोडीची ठकठक, सरकत जाणारी. ठक, ठक, ठप. ‘ठप’ म्हणजे आत पोकळ. मी होक्काइदोत बर्फावरच्या खानावळीत कामाला होते तेव्हा तिथला म्हातारा कोबीवर असंच टिचक्या मारून बघायचा. चांगला कोबी कसा वाजतो ते मला अजून कळतं. त्याचा उपयोग काय!

वर आले तेव्हा तोंड काळं. पहिला प्रश्न– "फवारा कुणी मारला?"

मी चहाचं पाणी ठेवायला वळले.

"सहा डबे तरी असतील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लिंबाचा वास येतोय." मग शांतपणे म्हणाले, "फवारा मारला की समोरच्या मरतात, बाकीच्या वाट बदलतात. त्या वाटेच्या मागे मागे मी घरट्यापर्यंत जातो. तुम्ही वाटच पुसलीत. पाहुण्याला दारातून ढकलून दिलं आणि तो खिडकीतून माडीवर गेला, तसं झालंय."

आणखी एक बंद खोली आहे ती उघडू का, विचारलं. आईची खोली. आजारपणात तिच्यासाठी बाबांनी मागून वाढवलेली. तिथे आता माझं सगळं सामान छतापर्यंत रचलेलं. म्हटलं, ती राहू द्या, तिथे काही नाही.

आळस. दुसरं काही नाही. लिहून ठेवते.


२६ जून

घराभोवती जमिनीत प्लास्टिकचे चौदा पेले पुरले. आत आमिष. वाळवी ते खाते, घरट्यात नेते, हळूहळू सगळी वसाहत संपते. महिनाभर हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही, डोकवायचंही नाही.

मला! डोकवायचं नाही!


३ जुलै

डोकावले नाही.


११ जुलै

दवाखान्यात गेले. बाबा काठी घेऊन कॉरिडॉरमधून आठ फेऱ्या मारतात. दांड्याचा फोटो त्यांनी खाटेशेजारी टाचणीने लावलाय. पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ मला म्हणाले, "तुमचे बाबा नशीबवान. आमची लेकरं फोटोसुद्धा पाठवत नाहीत."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. संत्र्याची साल एका तुकड्यात काढत होते. म्हणाले, "घरी काही वाजतं का गं रात्री?"

"काय वाजणार?"

"काही नाही. जुनं लाकूड वाजतं."

मला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात संत्रं सोलून झालं आणि त्यांनी अर्धं मला दिलं. मग नाहीच सांगितलं.


२४ जुलै

पेले उघडले. चौदांपैकी तेरा जसेच्या तसे. एकात चार किडे, वाट चुकलेले.

साकोदासान उकिडवे बसून ते चौघे कुठून आले ती वाट शोधत राहिले. मग म्हणाले, "ती खोली उघडा."


२५ जुलै

सकाळभर सामान बाहेर काढलं. बाराव्या खोक्यात माझी शाळेची चित्रं सापडली, बघत बसले, साकोदासान खाकरले.

ततामी, जमिनीवरच्या जाड चटया, उचलल्या. खालच्या फळ्यांत एक फळी वेगळी. तिला बोट घालायला भोक, कडा तासून गुळगुळीत केलेल्या. इतकी नेमकी बसवलेली की नख जाईना. "हे सुताराचं काम आहे," साकोदासान म्हणाले. "आणि रोजच्या वापरातलं."

खाली गेले ते अर्ध्या तासाने आले. कॅमेरा माझ्या हातात दिला.

आईच्या खोलीखाली काळ्या पाइनचा बुंधा आहे. अंगणातलं झाड बाबांनी तोडलं आणि त्याच्यावरच खोली बांधली. आईच्या आजारामुळे घाई होती, बुंधा उपटायला वेळ नव्हता. घरटं तिथे. माझ्या खोक्यांच्या बरोब्बर खाली. मोठ्या पिंपाएवढं.

पण ते नाही. त्याच्या आजूबाजूला, मुख्य घराखालीही, नवे टेकू दिलेले. अकरा. प्रत्येकावर सुताराच्या पेन्सिलने बाबांचं अक्षर. वर्ष, आणि एक-एक ओळ–

‘इथे पोकळ वाजतं.’

‘हा अजून घट्ट.’

‘कायोला कळू नये.’

‘न्हाणीची बाजू गेली.’

शेवटचा यंदाच्या मार्चचा. ‘पुढच्या वर्षी मला खाली उतरता येणार नाही.’


२५ जुलै, परत

तोकुएबाईंकडे गेले. मार्चमध्ये बाबा त्यांनाच दारात पडलेले सापडले होते. पायरीवरून घसरलो, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलंय.

तोकुएबाई वाटाणे सोलत होत्या. "गुडघ्यांना चिखल होता गं. कोपरांनाही. मी तेव्हाच म्हटलं, पायरीवर कुठला आलाय चिखल? तर म्हणाले, ‘तोकुएसान, तुम्ही चिखल पाहिला नाही.’ मग मी पाहिला नाही."

म्हणजे मोडलेलं हाड घेऊन ते त्या भोकातून वर आले. फळी लावली. ततामी बसवली. आणि सरपटत सगळं घर ओलांडून पायरीवर जाऊन पडले.


३० जुलै

साकोदासान माळ्यावर चढले. आढ्याला ठोकलेली पाटी उतरवून आणली. घर उभं राहिलं त्या दिवशीची. मालक– कुवाहाता मासातोशी. सुतार– कुवाहाता मासातोशी. तेच नाव दोनदा. लहानपणी मला वाटायचं, बाबा दोन आहेत.

पुढून अक्षरं जशीच्या तशी, काळी कुळकुळीत. उलटी केली तर मागे काहीच नाही. लाकूड खाऊन कागदाएवढा पापुद्रा ठेवलाय. मी जरा जोरात धरली आणि अंगठा आरपार गेला. सुताराच्या नावातून.


२ ऑगस्ट

साकोदासान चहा घेऊन बसले. निरोप द्यायला आलेल्या माणसासारखे.

"बुंध्यातलं घरटं मी मारतो. ते होईल. पण आढं गेलंय, दाराचा खांब गेलाय, न्हाणीची बाजू तुमच्या बाबांच्या टेकूंवर उभी आहे. फवारणी केली की मी पाच वर्षांचा हमीचा कागद देतो. तुम्हाला तो देणार नाही."

"का?"

"पाच वर्षं घरच राहिलं नाही तर कागद कुठे लावाल?"

मी विचारलं, मी तो फवारा मारला नसता तर?

त्यांनी कप फिरवला. "तर जूनमध्ये कळलं असतं. वाचलं नसतं. फक्त तुम्ही दोन महिने आधी रडला असता."

दयाळूपणाने बोलले. पण खोटं बोलत नाहीत ना, तोच तर त्रास.


५ ऑगस्ट

नगरपालिकेच्या बाईंना फोन केला. घर धड नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग खाट पक्की करू?"

मी हो म्हटलं. एका शब्दात. चाळीस वर्षांचं घर, आणि ‘हो’ म्हणायला सेकंदसुद्धा लागला नाही.

बाबांना मी सांगायचं, असं ठरलं. उद्या.


६ ऑगस्ट

उद्या.


७ ऑगस्ट

बस स्टॉपपर्यंत गेले. फेरीबोटीचा भोंगा ऐकला आणि वाटलं, तिकडेच चढावं. पलीकडे जावं, मग आणखी पलीकडे. आजवर मी तेच केलंय. कुठेही अवघड झालं की पिशवी उचलायची. पिशवी भरलेलीच असते माझी.

घरी आले. ओबोनचे कंदील काढून पुसले. का, कोण जाणे. ते टांगायचे तरी कशाला? आईच्या खोलीला आता जमीनच नाही.


८ ऑगस्ट

सांगितलं नाही.


९ ऑगस्ट, दुपार

दारात टॅक्सी. बाबा! दवाखान्याच्या सपातांवर, मांडीवर गाडीचा जॅक, नवा कोरा. कुणाला न विचारता निघून आलेत.

मी म्हटलं, "बाबा, तो दांडा–"

"फोटोत तुझी बोटं दिसत होती." काठी खांबाला टेकवली, मग काढून घेतली. "ततामी उचल. आणि तो टॉर्च आण. या खेपेला खाली तू जायचं, मी वरून सांगतो. बाराव्या टेकूवर काय लिहायचं तेही सांगतो."