गेरूचा बाण

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. राहू दे आता, खोडत बसत नाही.

तुझी खुशाली विचारत नाही, कारण ती वर्तमानपत्रात वाचली. शाळेची दर्शनी भिंत ढासळली, शिपाईकाकांचा पाय चिरडला, आणि कंत्राटदार साहेब, म्हणजे तू, म्हणालास की खाणीतून दगडच भुसभुशीत आला. आपल्या खाणीतून! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

घरामागचा डोंगर आठवतो ना? कधीकाळच्या समुद्राच्या तळाची वाळू, थरावर थर बसून दगड झालेली. फोडलेल्या दगडावर लाटांच्या वळ्या दिसायच्या आणि तू त्यावर बोट फिरवत बसायचास. दगड डोंगरात जसा निजला होता तसाच भिंतीत निजवायचा, हे बाबांनी आपल्याला अक्षरांच्या आधी शिकवलं. उभा केला की पाणी थरांत शिरतं आणि पापुद्रे सुटतात. म्हणून खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक दगडाच्या कडेला बाबा गेरूने बाण काढतात, वरची बाजू कळावी म्हणून. तुला त्या बाणांचं असं वेड की माझ्या दप्तरावर, भाकरीवर, झोपलेल्या आजोबांच्या टकलावरसुद्धा तू बाण काढला होतास. आजोबांनी तो दोन दिवस मिरवला.

म्हणून सांगते, तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. शाळेच्या भिंतीत दगड उभे लावलेत; उभा लावला की दगड रुंद दिसतो, कमी दगडांत भिंत भरते. तू सगळं करून सवरून नामानिराळा राहिलास आणि खापर बाबांवर फोडलंस. मला तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त लाज वाटते.

बाबा जेवताना एवढंच म्हणाले की वय झालं, खुणा चुकल्या असतील. सोमवारी चौकशीचे लोक शाळेत येणार आहेत, त्यांच्यासमोर ते तसंच लिहून देणार. मग त्यांच्या हातातला गेरू जाईल. खाणीत त्यांच्या बाणाला उभ्या जन्मात कोणी हरकत घेतली नव्हती.

काल मी शाळेत जाऊन आले. दगड निखळला तिथे शेजारच्या दगडाची कड उघडी पडली आहे आणि तिच्यावर बाबांचा बाण आहे. खूण चुकली असती, तरी गवंड्याने ती पाहून दगड लावला असता आणि बाण आभाळाकडे असता. तो रस्त्याकडे आहे. कोणी तो पाहिलाच नाही, किंवा पाहूनही वळवला. बाबांनी मला गप्प राहायची शपथ घातली आहे. ती मी मोडणार. सोमवारी त्या लोकांचं बोट धरून त्या बाणावर ठेवणार. त्याआधी तू येऊन स्वतः सांगितलंस, तर बाबांना मुलगा उरेल. नाही आलास, तर त्यांना मी एकटी पुरेन. हे कळवायलाच पत्र लिहिलं.

अजून तरी तुझीच,
ताई