मोटारीच्या जागी

५ ऑक्टोबर १९७६, मंगळवार

ह्यांनी आज गॅरेज उघडलं. मला वाटलं, आता तरी रडतील. छे! टेप घेऊन भिंत मोजत बसले. म्हणाले, "इथं वजन घेऊन बैठका मारायला स्टँड करतो. खाली फळ्यांचा प्लॅटफॉर्म."

आमच्या लेकीला, गंगूला, जाऊन दोन महिनेही झाले नाहीत! याच गॅरेजमधून मोटार काढली, तिला घेऊन दवाखान्याकडे निघालो, आणि वाटेतच, माझ्या मांडीवर — . मोटार ह्यांनी लगेच विकून टाकली. डोळ्यांतून टिपूस नाही. आता म्हणे वजनं उचलणार. लग्नाआधीची हौस!

८ ऑक्टोबर

दिवसभर ठाकठोक. मोटारीखाली शिरायचा खड्डा मुरूम घालून बुजवला, वर सागवानी फळ्या ठोकल्या. गंगू त्या खड्ड्यात लपायची. बुजवताना ह्यांना तिची आठवण कशी नाही झाली?

सासूबाई म्हणाल्या, "करू दे की गं पारू त्याला. लई कोंडून घेतलंय त्यानं." कोंडून कसलं! मी भाकरी इतक्या जोरात थापली की फाटली.

९ ऑक्टोबर

ह्यांचं ताट गॅरेजच्या दाराशी ठेवून आले.

१० ऑक्टोबर

फडताळात गुळाचा खडा सापडला. संक्रांतीच्या जत्रेत नवस फेडला होता, त्यातला. गंगूला तराजूत बसवून तिच्या वजनाचा गूळ वाटला. सोळा किलो भरली! ह्यांना केवढा अभिमान. "माझी पैलवानीण!" रोज सकाळी तिला खांद्यावर घेऊन बैठका मारायचे. ती ह्यांचे कान धरून मोजायची. सहा कायम विसरायची. पाचनंतर थेट सात. हे हसत हसत मटकन खाली बसायचे.

खडा मुंग्यांनी भरला होता. टाकवला नाही. पुसून परत ठेवला.

१२ ऑक्टोबर

कासीमभाई वेल्डिंगला आले होते. ह्यांचे तालमीतले जुने दोस्त. दोन लोखंडी खांब, वर वजनाचा बार ठेवायला आकडे. जाताना मला म्हणाले, "भाभी, इसकू जरा समझाव. दोन क्विंटल पेलेल ऐसा मजबूत स्टँड करके दिया, और ये बोलता, बार धरके सोळाच किलो लगाना! इत्तेसे वजन को स्टँड कायको?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? त्यांनाच विचारा." आणि आत निघून आले. भाजी फोडणीला टाकली, तेव्हा कुठे तो सोळाचा आकडा डोक्यात शिरला. भाजी करपली.

१३ ऑक्टोबर

सकाळी गॅरेजच्या दाराशी उभी राहिले. हे पाठमोरे. बार खांद्यांवर. हळूच बसायचे, हळूच उठायचे. ओल्या आवाजात मोजत होते — "तीन, चार, पाच, सात..."

मी आत गेले. म्हटलं, "अहो, द्या ना. थोडा वेळ माझ्याकडे द्या तिला."