पहिली सही

१२ मार्च

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत. काल रिबिनींचा जुना डबा सापडला. आठवतं, शाळेआधी तू पुढ्यात बसायचीस, मी वेण्या घालायचे आणि तुझी टकळी चालू? वेणी सैल दिसली की कॉन्व्हेंटच्या सिस्टर दोघींनाही उभं करायच्या.

आमच्या तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारा भाडेकरू आलाय. शिक्षा भोगून सुटला, पण लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी यादीत त्याचं नाव आहे. इमारतीत भडका उडालाय. सेक्रेटरी आले. "ताई, तुमचं अक्षर कॉन्व्हेंटचं. नोटीस तुम्हीच लिहा. त्याला हाकलायचंच!"

"अहो, पोलिसांची नजर आहे ना त्याच्यावर?"

"यादीतला माणूस तो! बाकी आपण सगळे घरंदाज."

लिहिली गं. 'मुलांच्या सुरक्षिततेसाठी' हे शब्द तर चांगले वळणदार काढले. मग सह्यांचा कागद पाहिला. पहिली सही वरच्या मजल्यावरच्या आपल्या दादाची. पुढच्या रविवारपासून तो इमारतीतल्या मुलांना घरी चित्रकला शिकवणार आहे.

छकुली, एका सकाळी तुझी टकळी बंद होती. नऊ वर्षांची होतीस. "ताई, मला दादाच्या खोलीत नको पाठवू," म्हणालीस. का, तेही सांगितलंस. मी वेणी इतकी करकचून ओढली की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दादाबद्दल असं बोलतात का?" आणि संध्याकाळी तुला त्याच्याकडेच गणितं सोडवायला धाडलं.

दादा कुठल्याच यादीत नाही. सांगणारीचं तोंड मीच बंद केलं होतं.

घड्याळवाल्याची बाजू मी घेत नाही. त्याच्यावर लक्ष हवंच. पण त्याच्याकडे बोट दाखवून मुलं दादाकडे पाठवायची, हे मी होऊ देणार नाही. आज दारोदार जाऊन आयांना सांगितलं, एकही मूल तिकडे जाता कामा नये. तुझं नाव काढलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "पुरावा काय?" म्हटलं, "मी, त्याची सख्खी बहीण."

नोटीस फाडली. माझ्या जबाबाच्या दोन प्रती केल्यात. एक सोबत तुला. दुसरी पोलीस चौकीसाठी, पण तू हो म्हटल्याशिवाय ती तिथे देणार नाही. या वेळी तुला विचारून. माझ्याकडे असलेली दादाच्या घराची किल्ली दादाला परत. रिबिनींचा डबा तुझा. निळी रिबीन मात्र माझ्याकडेच राहू दे. त्या दिवशी मी तीच बांधली होती.

उशिरा का होईना, ऐकायला बसलेली,
तुझी ताई