माझी मवाळ काडतुसं

५ सप्टेंबर
रायफल आली. पॉइंट फोर फिफ्टी एट, म्हणजे हत्तीसाठी बनवलेली. मोंटानात हत्ती नाहीत, असं लोर्नानं लगेच ऐकवलं. बायकोला दूरदृष्टी नसते. दरवर्षी सासऱ्यांच्या एल्क कॅम्पवर, म्हणजे सांबराएवढ्या हरणांच्या शिकारीच्या तळावर, मी भांडी घासतो. ऑर्विलबाबांचा नियम आहे : शंभर यार्डांवरच्या कागदी ताटलीत तिन्ही गोळ्या लागल्या तर डोंगरावर शिकारीला, नाहीतर तंबूत स्वयंपाकाला. यंदा भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

६ सप्टेंबर
एकच बार काढला. रायफल उत्तम. टोपी सापडली. चष्मा शोधतोय.

१० सप्टेंबर
काडतुसं घरीच भरणार. गॅरेजात त्याचं यंत्र बसवलं. हलकी शिशाची गोळी आणि पुस्तकात दिलेलं दारूचं सगळ्यात कमी माप, म्हणजे खांद्याला धक्का कमी. याला भित्रेपणा म्हणत नाहीत, शास्त्र म्हणतात. लोर्ना म्हणाली, अरे डेल, गपगुमान माझी हरणाची रायफल घे ना! मला ऐकू आलं नाही. कानात अजून शिट्टी वाजतेय.

१९ सप्टेंबर
चाचणी. लोर्नानं च्युइंगगम चघळत तीन झाडल्या, तिन्ही ताटलीत. म्हणे, धक्का अगदी माझ्या रायफलीएवढाच की! तिचे खांदे जाड आहेत (हे तिला सांगितलेलं नाही). माझी एक गोळी जमिनीत, एक कुंपणाच्या खांबात. तिसरीचा तपास चालू आहे. वारा फार होता.

२७ सप्टेंबर
शर्टाच्या आत, खांद्यावर, ओव्हनचा जाड हातमोजा. कुणालाही कळणं अशक्य.
संध्याकाळी : कळलं. हातमोजा न सापडल्यानं रोस्ट ओव्हनमध्येच करपलं. दूध-सीरियल खाऊन झोपतोय.

१८ ऑक्टोबर
ताटलीची परीक्षा. सगळं कॅम्पमंडळ जमलेलं. ऑर्विलबाबा म्हणाले, जावईबापू, काडतूस मी घालून देतो, तुम्ही फक्त चाप ओढा. म्हाताऱ्याला शेवटी माझी किंमत कळली.
चाप ओढला. भयंकर धक्का! खांदा मागे, मान वाकडी, 'मेलो' असं ओरडलो, टोपी पडली. डोळे उघडले. बाबांनी काडतूस काढून हातावर ठेवलं. दारू नाही, ती पेटवणारं टोपण नाही, नुसती गोळी बसवलेलं रिकामं नळकांडं. म्हणाले, जावईबापू, ही बिचारी रायफल तर काहीच करत नाही, तुम्हीच हिला धक्के देताय. मंडळी पोट धरधरून हसली.
मला रडू आलं. थंडी होती.
दुपारी : शांतपणे विचार केला. रिकाम्या काडतुसाचासुद्धा धक्का बसतो. तो आणखी कमी करायला हवा.

२५ ऑक्टोबर, एल्क कॅम्प
पहाटे सगळे डोंगरावर गेले. लोर्ना माझी रायफल आणि माझी काडतुसं घेऊन गेली. जाताना म्हणाली, चांगली भरलीयस रे, खरंच. बरं वाटलं.
सकाळी आठ. नाश्त्याची तयारी. कढईत बारा अंडी. लांब, दोन डोंगरांपलीकडे एकच बार. आवाज ओळखला, माझंच काडतूस. एल्क नक्की पडला असणार.
कढईही पडली. आता परत अंडी फोडतोय.