एका देवकाची दोघं

प्रिय रेमी,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. तुझ्याकडे काही मागायला लिहितेय, पण ते एकदम शब्दांत येत नाहीये. आधी इकडचं ऐक. आणि उत्तर दे बाबा; तेव्हाच्या माझ्या तिन्ही पत्रांना दिलं नाहीस, तसं करू नकोस.

एंटेबेच्या प्रयोगशाळेत मी सध्या कुणाचा जीनोम वाचतेय, सांगू? न्सेनेनेचा! हस, खुशाल हस. आपलं देवक असलेला नाकतोडा मी गोठवला आणि खलबत्त्यात कुटला. पहिल्या दिवशी हातच उचलेना. माझ्यासोबत काम करणारी न्याकातो म्हणाली, "अगं, खायचा नाही एवढंच ना? कुटायचा नाही असं कुठे म्हटलंय?" तरी मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली, मगच बत्ता उचलला.

आता पडद्यावर चारच अक्षरं उलटसुलट वाहत असतात, अब्जावधी वेळा. बाहेर सरोवरावर धुकं असतं. बघता बघता माझी तंद्री लागते आणि मी मासाकाच्या बाजारात पोचते. नोव्हेंबरातली ती सकाळ. बायका नाकतोड्यांचे पंख खुडत बसलेल्या, ते पंख हवेत तरंगत तुझ्या केसांवर येऊन बसत होते. तू माझ्यासाठी तळलेल्या न्सेनेनेचा पुडा घेतलास, मी तो तुझ्यापुढे धरला. तू खा, नाही तू खा, असं करता करता दोघं एकदमच बोललो, "आमच्या कुळात चालत नाही." तळणाऱ्या बाईचा झारा हवेतच राहिला. "अरे कर्मा! मग तुम्ही बहीण-भाऊ की रे! आणि हात कसले धरून फिरताय?"

आठ महिने आपण एकमेकांना चर्चमधल्या नावांनीच हाका मारत होतो, त्यावरून कूळ कुठलं कळायला! शहाणी माणसं आधी कूळ विचारतात. मी हसत सुटले होते, तू मात्र हळूच हात सोडवून घेतलास. त्याचा मला फार राग आला होता, रेमी. अजून थोडा आहे.

हिरवा नाकतोडा आणि तपकिरी नाकतोडा एकाच जातीचे, तरी त्यांची जोडी जमते, हे तुला ठाऊक आहेच. मी वेडी मात्र त्या अक्षरांत आपल्याला अडवणारं अक्षर शोधत बसायचे. तिथे तसलं काही नाही. ते आपल्या आज्या-पणज्यांनी लिहिलंय, आणि खरं सांगू, ते खोडायचं माझ्याही मनात नाही.

डिसेंबरात मला मागणी घालायला मंडळी येताहेत. मुलगा मांबा कुळातला, त्यांचं देवक मासा. पहिल्याच भेटीत विचारून घेतलं! तो कोंबडा आणेल. मुलीच्या भावाने कोंबडा हातात घेतला की मुलगी दिली. मला सख्खा भाऊ नाही. काका कुळातल्या दोघातिघांची नावं सुचवताहेत, पण दुसऱ्या कुणी मला दिलं तर मी अर्धी त्या बाजारातच राहीन. तो कोंबडा तू घे. येशील ना?

आजवर पत्राखाली नुसतं 'तुझीच' लिहायचे. आज पुढचा शब्दही लिहिते.

तुझीच बहीण,
स्कोविया